नॅशनल्सच्या आधी: गुणांचा तक्ता मिटवा आणि उडी कशी चुकते ते बघा

जानेवारी २०२६ मधली अमेरिकेची फिगर स्केटिंगची राष्ट्रीय स्पर्धा, म्हणजे सेंट लुईसची नॅशनल्स, हे लिहिताना तोंडावर आली आहे. मिलानच्या ऑलिम्पिकसाठी अमेरिकेकडे महिलांच्या तीन जागा आहेत आणि चाहत्यांनी या हंगामातले प्रत्येकीचे सर्वाधिक गुण उतरत्या क्रमाने मांडून संघ निवडूनही टाकला आहे. तुम्ही विचारलंय की हा तक्ता कितपत खरा मानायचा, आणि ‘ट्रिपल ॲक्सेल नाही म्हणजे पदक नाही’ असं त्या एका उडीबद्दल जे छातीठोकपणे सांगितलं जातंय त्यात तथ्य किती.

वीस वर्षांहून जास्त काळ मी सिंगल्सच्या, म्हणजे एकटीने स्केटिंग करणाऱ्या, मुलींना शिकवते आहे आणि क्लब पातळीच्या स्पर्धांत तांत्रिक पॅनेलवर बसते. उडी किती फिरली, ब्लेडच्या कुठल्या कडेवरून सुटली हे ठरवणारी ती माणसं. माझं उत्तर लांबणार आहे, कारण तुमच्या प्रश्नातली खरी गोष्ट तक्त्यात नाही, तक्ता ज्यातून बनतो त्या कागदात आहे. प्रत्येक स्पर्धेनंतर प्रोटोकॉल प्रसिद्ध होतो, म्हणजे कुठल्या घटकाला किती मूळ गुण होते, पंचांनी त्यात किती भर घातली, किती कापले, याची ओळीओळीने नोंद. चाहते शेवटची बेरीज वाचतात. आम्ही प्रशिक्षक वरून खाली वाचत जातो आणि बेरजेपर्यंत पोचायच्या आत आम्हाला जे हवं ते कळलेलं असतं.

एकूण गुण म्हणजे उंची नव्हे की एकदा मोजली आणि झालं. स्पर्धा दोन कार्यक्रमांत होते. पहिल्या, छोट्या शॉर्ट प्रोग्रॅममध्ये सात घटक असतात: तीन उड्या, तीन गिरक्या आणि एक पदन्यास. दुसऱ्या, लांब फ्री स्केटमध्ये बारा: सात उड्या, तीन गिरक्या, एक पदन्यास आणि एक कोरिओग्राफीचा तुकडा. एकूण एकोणीस ठिकाणं, आणि प्रत्येक ठिकाणी काहीतरी घडू शकतं. हंगामातले सर्वाधिक गुण म्हणजे त्या मुलीच्या सर्वांत चांगल्या दिवसाची बेरीज. नॅशनल्सला ती तो दिवस घेऊन येईल की नाही हे त्या आकड्यात कुठेच लिहिलेलं नसतं. ते लिहिलेलं असतं तिच्या वाईट दिवसांच्या प्रोटोकॉलमध्ये, आणि ते कुणी उघडूनही पाहत नाही.

आता ॲक्सेलकडे येते, कारण सगळा वाद तिथेच पेटलाय.

ॲक्सेल ही एकच उडी पुढे तोंड करून घेतली जाते आणि मागे तोंड करून उतरावी लागते, म्हणून तिच्यात अर्धा फेरा जास्तीचा. ट्रिपल ॲक्सेल म्हणजे साडेतीन फेरे, मूळ गुण ८.००. डबल ॲक्सेलला ३.३०. मधल्या दरीत दुसरी कुठली ॲक्सेल नाही. इतर ट्रिपल उड्या पाहिल्या तर लुट्झ ५.९०, फ्लिप ५.३०, लूप ४.९०, साल्को ४.३० आणि टो लूप ४.२०. म्हणजे डबलच्या जागी ट्रिपल ॲक्सेल टाकली की एका फटक्यात ४.७० ची मूळ वाढ. पंच उणे पाच ते अधिक पाच अशी श्रेणी देतात आणि प्रत्येक पायरी मूळ गुणांच्या दहा टक्के. स्वच्छ उतरलेल्या ट्रिपल ॲक्सेलला सरासरी अधिक दोन मिळाले तर ९.६०. डोळ्यांना सुखावणाऱ्या डबल ॲक्सेलला अधिक तीन मिळाले तरी ४.२९.

इथपर्यंतचं गणित चाहत्यांना पाठ आहे. पुढचं कुणी करत नाही, म्हणून ते मांडते.

समजा ती साडेतीन फेरे पूर्ण करून पडली. आठातून चार गेले, पडण्याचा एक गुण गेला, हातात उरले ३.००. स्वच्छ डबलपेक्षा फक्त १.२९ कमी. याचा अर्थ असा की कागदावर पाचातली एकच ट्रिपल ॲक्सेल उतरली आणि उरलेल्या चारही वेळा ती पूर्ण फिरून पडली, तरी सरासरी डबलच्या बरोबरीला येते. हे ऐकून माझे नवे सहकारीसुद्धा चमकतात. मग प्रत्येक जण टाकत का नाही?

कारण उडी अशी सभ्यपणे चुकत नाही. तिच्या चुकण्याच्या तऱ्हा आहेत आणि प्रत्येकीची किंमत वेगळी. पाव फेऱ्यापेक्षा जास्त पण अर्ध्यापेक्षा कमी फेरा राहिला तर मूळ गुणांचे ऐंशी टक्केच मिळतात. तशी उडी घेऊन पडली तर २.२० उरतात. अर्धा किंवा त्याहून जास्त फेरा राहिला तर उडी एक पायरी खाली ढकलली जाते, ट्रिपल ॲक्सेलची डबल ॲक्सेल होते, आणि त्यात पडली तर ०.६५. सर्वांत महाग प्रकार पडण्याचा नाहीच. सुटतानाच शरीर कच खातं, हात उघडतात आणि साडेतीनऐवजी दीड फेऱ्यावर ती खाली येते. आमच्या भाषेत उडी पॉप झाली. फ्री स्केटमध्ये त्याचे १.१० मिळतात. शॉर्ट प्रोग्रॅममध्ये ॲक्सेल डबल किंवा ट्रिपलच हवी असा नियम आहे, म्हणून तिथे एकेरी ॲक्सेलला शून्य. दुसऱ्या सुट्या उडीचंही तसंच: ती ट्रिपलच हवी, डबल झाली की शून्य. मग मुलगी न पडता, हसत, छान उतरलेली दिसते, आणि प्रेक्षकांना कळतच नाही की सहा-सात गुण आत्ताच बुडाले.

माझ्या एका विद्यार्थिनीची शॉर्टमधली लूप अशीच डबल झाली होती. बाहेर आली तेव्हा तिला वाटत होतं की कार्यक्रम चांगला झाला, कुठे पडले नाही. गुण लागल्यावर तिचा चेहरा उतरलेला मी पाहिला आहे. तेव्हापासून मी प्रत्येक मुलीला शॉर्टसाठी एकच गोष्ट घोकून घ्यायला लावते: शंका आली तरी हात आवळ. पडलीस तरी चालेल, उघडू नकोस. पूर्ण फिरून पडलेल्या ट्रिपल लूपचेसुद्धा दीड गुण जवळपास हाती राहतात. शून्यातून काही राहत नाही.

म्हणून एखाद्या स्केटरकडे ट्रिपल ॲक्सेल आहे का, हा प्रश्न मला अपुरा वाटतो. तिची ट्रिपल ॲक्सेल चुकते तेव्हा कशी चुकते, हे विचारा. अँबर ग्लेन ही अमेरिकेच्या आघाडीच्या मुलींत ती उडी सातत्याने स्पर्धेत टाकणारी. मार्च २०२५ मध्ये बॉस्टनच्या जागतिक स्पर्धेत शॉर्टमध्ये ती ट्रिपल ॲक्सेलवर पडली आणि त्या दिवशी बरीच मागे राहिली, तरी शेवटी पाचवी आली. पडूनही पाचवी. तिचं बाकीचं सामान किती भक्कम आहे हे त्या स्पर्धेत मला जास्त दिसलं, पण ज्यांनी फक्त ती पडण्याची चित्रफीत पाहिली त्यांनी तिला ‘दबावाखाली कोसळणारी’ ठरवून टाकलं.

त्याच बॉस्टनमध्ये ॲलिसा लिऊ जगज्जेती झाली, २२२.९७ गुणांनी. जपानची काओरी साकामोतो दुसरी, २१७.९८. अमेरिकेच्या महिलेला हे विजेतेपद २००६ मध्ये किमी माइस्नरनंतर पहिल्यांदाच मिळत होतं. लिऊच्या दोन्ही कार्यक्रमांत एकही ट्रिपल ॲक्सेल नव्हती. आणि ही तीच मुलगी, जिने २०१९ मध्ये डेट्रॉइटला तेराव्या वर्षी ट्रिपल ॲक्सेल उतरवून अमेरिकेची सर्वांत लहान राष्ट्रीय विजेती होण्याचा मान मिळवला होता. म्हणजे उडी तिला माहीत नाही असं नाही. सोळाव्या वर्षी तिने खेळ सोडला, दोन वर्षं बर्फापासून लांब राहिली, २०२४ मध्ये स्वतःच्या मर्जीने परत आली आणि ती उडी बाजूला ठेवून जिंकली. ‘ॲक्सेल नाही म्हणजे पदक नाही’ या वाक्याला माझ्याकडे याहून चांगलं उत्तर नाही.

पण मग ती जिंकली कशाच्या जोरावर? गंमत अशी की तुमच्या डोळ्यांना दिसणार नाहीत अशा जागी. उतरताना ब्लेड पूर्ण मागे वळलेलं, उडीनंतर वेग तुटत नाही, गिरक्यांना वरची पातळी, पदन्यासात श्वास संपलेला नाही. प्रत्येक घटकावर अधिक तीन, अधिक चार जमत गेले की एक अख्खी ट्रिपल ॲक्सेल भरून निघते. एकोणीस घटकांवर अर्धा-अर्धा गुण जास्त मिळाला तर साडेनऊ होतात. कौशल्याचा हा भाग दूरदर्शनवर फार कमी दिसतो, रिंकच्या कडेला उभं राहिलं की कानांनाही ऐकू येतो. चांगल्या स्केटरच्या ब्लेडचा आवाज खोल आणि एकसारखा असतो, घसटल्यासारखा नसतो.

आता फेऱ्यांबद्दल, कारण चाहत्यांचे निम्मे आरोप तिथेच असतात. ‘अमकीची लुट्झ अपुरी होती, पॅनेलने डोळेझाक केली.’ पॅनेल पुनर्प्रक्षेपण पाहून ठरवतं आणि तिथेही कॅमेऱ्याचा कोन नशिबाचा भाग असतो, हे मी स्वतः बसून अनुभवलं आहे. पण नियम समजून घेतला तर तुम्हालाही बरंच दिसेल. ब्लेड बर्फाला टेकतं त्या क्षणी ते कुठे तोंड करून आहे एवढंच पाहायचं, उडी संपल्यावर ते कुठे वळलं ते नाही. बरोबर पाव फेरा राहिला तर मूळ गुण शाबूत, श्रेणी मात्र घसरते. त्याहून जास्त राहिला की ऐंशी टक्के. अधिक दोन मिळवणारी ट्रिपल लुट्झ ७.०८ ची. तीच उडी अपुरी ठरली आणि पंचांनी उणे दोन दिले तर ३.७८ हाती येतात. प्रोटोकॉलमधल्या अपुऱ्या फेऱ्याच्या एका खुणेने ३.३० गेले, आणि ती मुलगी पडलेली नाही, डगमगलेलीही नाही. ज्या मुलींच्या प्रोटोकॉलमध्ये हंगामभर या खुणा एकाच उडीवर दिसतात त्यांचे गुण पॅनेल बदललं की हेलकावे खातात. तक्त्यातला त्यांचा सर्वाधिक आकडा बहुतेक वेळा सौम्य पॅनेलचा असतो.

लुट्झ आणि फ्लिपमधला फरकही जाता जाता सांगते. लुट्झ बाहेरच्या कडेवरून सुटायला हवी, फ्लिप आतल्या. बऱ्याच मुली लुट्झच्या लांब वळणावर शेवटच्या क्षणी आत झुकतात. तो झोक स्पष्ट असेल तर मूळ गुणांना तिथेही कात्री लागते. घरी पाहायचं तर उडीचा नव्हे, उडीच्या आधीचा एक सेकंद पाहा.

उड्यांचा क्रमही वाचा. शॉर्टमध्ये शेवटची उडी आणि फ्रीमध्ये शेवटच्या तीन उड्या उत्तरार्धात असल्या तर त्यांच्या मूळ गुणांत दहा टक्के भर पडते. ट्रिपल लुट्झ-ट्रिपल टो लूप ही जोडी १०.१० ची, शॉर्टच्या शेवटी टाकली तर ११.११. एक गुण मिळतो, पण ही जोडी चुकली तर दुरुस्त करायला पुढे उडीच उरत नाही. आधी टाकली असती तर सुट्या उडीच्या मागे टो लूप जोडून जोडी वाचवता आली असती. जी मुलगी ही जोडी शेवटी ठेवते तिचा स्वतःच्या पायांवर विश्वास आहे, किंवा तिच्या प्रशिक्षकाला त्या एका गुणाची फार गरज आहे. हंगामाच्या सुरुवातीचा आराखडा आणि डिसेंबरातला आराखडा शेजारी ठेवलात तर यातलं काय खरं ते कळतं. नॅशनल्सच्या आधी आराखडा सोपा केलेल्या मुलीला चाहते घाबरलेली म्हणतात. मला तर बहुतेक वेळा ती शहाणी वाटते.

सादरीकरणाच्या गुणांवर मी थोडक्यातच बोलेन, कारण त्यावर भांडण कधी संपत नाही. रचना, सादरीकरण आणि स्केटिंगचं कौशल्य, या तिन्हींना प्रत्येकी दहापैकी गुण, पाव-पाव गुणांच्या पायऱ्यांनी. महिलांच्या शॉर्टमध्ये त्यांना १.३३ ने गुणतात, फ्रीमध्ये २.६७ ने. आता एक हिशेब करा: एखादीला तिन्ही ठिकाणी, दोन्ही दिवशी, फक्त एक पायरी जास्त मिळाली तर एकूण फरक बरोबर तीन गुणांचा. जानेवारी २०२५ मध्ये विचिटाच्या नॅशनल्सला शॉर्टनंतर लिऊ पुढे होती, फ्रीमध्ये ग्लेनने तिला गाठलं आणि शेवटी दोघींत दीड गुणाचंही अंतर नव्हतं. म्हणजे विजेती आणि दुसरी यांच्यातली दरी पंचांच्या एका पायरीच्या निम्म्याएवढी. अशा दोघींमध्ये ‘अमकी सरस’ असं ठासून सांगणाऱ्याला मी विचारते, तुम्हाला आठातला आणि सव्वाआठातला फरक डोळ्यांनी सांगता येतो का? मला वीस वर्षांनंतरही दर वेळी सांगता येत नाही.

यातच तुमच्या तक्त्याची दुसरी खोट आहे. राष्ट्रीय स्पर्धेचे गुण आंतरराष्ट्रीय महासंघ विक्रमात धरत नाही, आणि त्याला कारण आहे. पंच त्याच देशाचे, प्रेक्षक घरचे, गुण सढळ. त्यामुळे नॅशनल्सचा २१६ आणि ग्रां प्री या आंतरराष्ट्रीय स्पर्धांच्या मालिकेतला २१६ एका रकान्यात मांडणं चूक. तुलना एकाच स्पर्धेतल्या, एकाच पॅनेलसमोरच्या मुलींची करा. या हंगामात ती संधी मिळाली आहे: चोंगचिंगला चायना कपमध्ये ग्लेन आणि लिऊ समोरासमोर आल्या, ग्लेन पहिली, लिऊ दुसरी. नंतर लेक प्लॅसिडला स्केट अमेरिका लिऊने जिंकली आणि डिसेंबरात नागोयाची ग्रां प्री अंतिम फेरीही. हे तीन निकाल मला कुठल्याही सर्वाधिक आकड्यापेक्षा जास्त सांगतात.

आता निवडीबद्दल, कारण ‘पहिल्या तीन म्हणजे संघ’ हा समज दर चार वर्षांनी नव्याने रुजतो आणि दर चार वर्षांनी कुणाचं तरी मन मोडतो.

अमेरिकेत नॅशनल्स ही एकमेव निवड चाचणी नाही. निवड समिती नॅशनल्सच्या निकालाबरोबर आधीच्या जागतिक आणि ग्रां प्री स्पर्धांची कामगिरीही पाहते. २०१४ मध्ये बॉस्टनच्या नॅशनल्सला ग्रेसी गोल्ड, पोलिना एडमंड्स आणि मिराई नागासू या पहिल्या तिघी. चौथी ॲश्ली वॅग्नर, जिला अमेरिकेत चौथ्या क्रमांकाला दिलं जाणारं कथलाच्या मिश्रधातूचं पदक मिळालं. सोचीच्या ऑलिम्पिकला तिसरी म्हणून वॅग्नर गेली. नागासू राहिली. कागदावर समितीकडे कारणं होती, वॅग्नरची आंतरराष्ट्रीय कामगिरी सरस होती, आणि तरी त्या संध्याकाळी नागासूचं काय झालं असेल याची कल्पना मला एक प्रशिक्षक म्हणून आजही सहन होत नाही. तिने खेळ सोडला नाही. ट्रिपल ॲक्सेल शिकली, २०१८ च्या नॅशनल्समध्ये दुसरी आली आणि प्योंगचांगला ऑलिम्पिकमध्ये ती उडी उतरवणारी पहिली अमेरिकन महिला ठरली. त्या वेळी चौथी आलेली वॅग्नर घरी राहिली. एकाच नियमाची ही दोन्ही टोकं आहेत.

उलटी उदाहरणंही आहेत. २०२२ मध्ये नॅशव्हिलच्या नॅशनल्सला शॉर्टनंतर लिऊला कोरोनामुळे माघार घ्यावी लागली, तरी ती बीजिंग ऑलिम्पिकच्या संघात होती. त्याच वेळी तिसरी आलेली इझाबो लेविटो वयामुळे पात्रच नव्हती. २०२५ मध्ये लेविटो दुखापतीमुळे विचिटाला उतरलीच नाही, तिसरी आली साराह एव्हरहार्ट, पण बॉस्टनच्या जागतिक संघात लेविटोला घेतलं. कारण आदल्या वर्षी मॉन्ट्रियलला तिने जागतिक रौप्य मिळवलं होतं. बॉस्टनला ती चौथी आली. निवड फळाला आली म्हणून एव्हरहार्टचं दुःख कमी होत नाही, आणि एव्हरहार्टचं दुःख खरं आहे म्हणून निवड चुकीची ठरत नाही. दोन्ही एकत्र मनात ठेवता आलं पाहिजे, एवढी माझी चाहत्यांकडून अपेक्षा आहे.

वयाचा नियमही लक्षात असू द्या. वरिष्ठ आंतरराष्ट्रीय स्पर्धांसाठी किमान वय पंधरावरून टप्प्याटप्प्याने सतरा झालं आहे. नॅशनल्समध्ये एखादी छोटी मुलगी पुढे आली तरी मिलानसाठी ती मोजता येणार नाही.

माझा अंदाज विचारलात म्हणून सांगते. निरोगी राहिल्या तर ग्लेन, लिऊ आणि लेविटो या तिघी जातील असं मला वाटतं, आणि तिघींतली एखादी वाईट दिवसामुळे चौथी-पाचवी आली तरी समिती तिला सहज सोडणार नाही. ब्रेडी टेनेलला मी मोजणीतून काढत नाही. २०१८ आणि २०२१ ची विजेती, दुखापतींतून पुन्हा पुन्हा उठलेली, आणि शॉर्टमध्ये तिच्याइतकी नेटकी मुलगी कमी. तिला आत यायचं तर मात्र दोन निर्दोष कार्यक्रम आणि वर कुणाची तरी घसरण, दोन्ही लागेल. पहिली कोण हे मी सांगणार नाही. लिऊची चूक होण्याची शक्यता कमी, ग्लेनची कमाल मर्यादा जास्त. ग्लेनने फ्रीमध्ये ट्रिपल ॲक्सेल उतरवली तर तिला गाठायला लिऊला संपूर्ण स्वच्छ खेळावं लागेल.

एक गोष्ट मात्र सोडून पुढे जाववत नाही. या चर्चांमध्ये मुलींच्या शरीरांवर जे बोललं जातं, ‘उंची वाढली’, ‘जड दिसते’, ‘आता तिच्याने फेरे होणार नाहीत’, ते कृपा करून थांबवा. आमच्या मुली वाचतात. बारा-तेराव्या वर्षी साडेतीन फेरे फिरणं आणि पंचविशीत फिरणं हे वेगळं तंत्र आहे, खरं आहे. पण ग्लेन चोविसाव्या वर्षी पहिल्यांदा राष्ट्रीय विजेती झाली आणि आता सव्विसाव्या वर्षी तिसऱ्यांदा ते पद घ्यायला उतरते आहे. स्वतःच्या मानसिक आरोग्याबद्दल ती उघडपणे बोलली आहे. शरीर वाढल्यावर उड्या जातात असं ज्यांना वाटतं त्यांनी तिचं स्केटिंग पाहावं. उड्या पुन्हा बांधाव्या लागतात, महिनोन्महिने, आणि त्या काळात मुलीला सर्वांत कमी गरज असते ती तिच्या वजनावर मत देणाऱ्या अनोळखी माणसांची. माझ्याकडून एक गुणी मुलगी अशाच शब्दांमुळे सोडून गेली. ती परत आली नाही.

स्पर्धेच्या दिवशी काय पाहायचं ते शेवटी सांगते. प्रत्येक गटाला आधी सहा मिनिटांचा सराव मिळतो आणि तो बरेच जण चहा करायला वापरतात. तसं करू नका. पहिली दोन मिनिटं उड्यांकडे दुर्लक्ष करा, फक्त पाय पाहा: कुणाचे गुडघे खोल वाकतायत, कोण ताठ आहे. तिसऱ्या-चौथ्या मिनिटाला अवघड उडी येते. ती चुकली तर किती लवकर पुन्हा घेतली ते मोजा. लगेच घेणारी मुलगी उडीला घाबरलेली असू शकते. एक फेरी मारून, कठड्याशी प्रशिक्षकाचं एकच वाक्य ऐकून मग घेणारी मुलगी विचार करते आहे. आणि पाचव्या-सहाव्या मिनिटाला, बाकीच्या शेवटची उडी पकडायला धावत असताना, एखादी उडी न घेता नुसती लांब वळणं घेत फिरताना दिसेल. तिचं नाव लिहून ठेवा आणि मग शॉर्टच्या प्रोटोकॉलमध्ये तिची पहिली ओळ वाचा.